झाडाखालचे नऊ परीक्षक

प्रोफेसर चिसालेंच्या ऑफिसात उभ्या माणसाला उत्तर मिळत नसे. दारातून डोकं आत घालून "प्रोफेसर, उद्या क्विझ आहे ना?" असं विचारणाऱ्याकडे ते चष्म्यावरून पाहत, समोरच्या खुर्चीकडे हात करत आणि थांबत. माणूस बसला की त्याचं नाव, गाव, घरची मंडळी बरी आहेत ना, हे सगळं शांतपणे विचारून होई. मग ते म्हणत, "हो, आहे." या एका 'हो'पायी दहा मिनिटं जात. अमेरिकन विद्यार्थी पहिल्या आठवड्यात वैतागत आणि दुसऱ्या आठवड्यात ईमेल पाठवायला लागत. ईमेलला एका ओळीचं उत्तर येई: ये आणि बस.

मी त्यांच्याकडे गेले २००३ च्या जानेवारीत. अटलांटाजवळच्या एका विद्यापीठात मी गणितात पीएच.डी. करत होते आणि तत्त्वज्ञान विभागातल्या त्यांच्या लॉजिकच्या वर्गाचे पेपर तपासायला कुणीतरी हवं होतं. चिन्हं पाहिली की तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना घाम फुटतो, म्हणून दरवर्षी गणित विभागातून एक माणूस उसना नेत. त्या वर्षी मी गेले. अमरावतीहून आलेल्या मुलीला तत्त्वज्ञान म्हणजे एक तर कीर्तन, नाहीतर रिटायर झाल्यावरचा उद्योग, एवढंच माहीत. "यार, टाइमपास जॉब आहे, घेऊन टाक," असं माझी रूममेट मंजिरी म्हणाली आणि मी घेऊन टाकला. पुढची चार वर्षं सोडला नाही.

ते मूळचे मलावीचे. मलावी कुठे आहे हे मला माहीत नव्हतं आणि मी तसं सांगून टाकलं. त्यांनी अमरावती कुठे आहे ते विचारलं. मग ऑफिसातल्या भिंतीवरच्या नकाशात आम्ही एकमेकांची गावं शोधली. अमरावती बारीक अक्षरांत का होईना, सापडली. त्यांचं गाव नकाशात नव्हतंच. आफ्रिकेच्या पूर्वेला एक लांबट तळं आहे, त्याच्या काठावर नखाएवढी रिकामी जागा होती, तिथे त्यांनी बोट ठेवलं. "इथे एक आंब्याचं झाड आहे," ते म्हणाले. "नकाशा काढणाऱ्यांनी ते गाळलेलं दिसतं."

बुटके, सडपातळ, पन्नाशी उलटलेले. जॉर्जियाच्या ऑगस्टमध्ये कुत्रीसुद्धा एसीत झोपतात, तेव्हाही हे कोट, वेस्टकोट आणि टाय घालून येत. घाम आलेला मी पाहिला नाही. मी तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा पुढे केला की उजव्या हाताला डाव्या हाताचा आधार देऊन, किंचित वाकून घेत. आपल्याकडे तीर्थ घेतात तसं. चौथ्या दर्जाच्या उत्तरपत्रिकांना एवढा मान मिळालेला मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. माझे वडील शाळेत हेडमास्तर होते हे कळल्यावर त्यांनी माझं नाव घेणं बंद केलं आणि मी 'मास्तरांची मुलगी' झाले. नुसत्या नावानं हाक मारली तर त्या माणसाला मागे-पुढे कुणी नाही असं वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा आवडता प्रश्न एकच होता: कसं कळलं? वर्गात कुणी म्हणालं, "प्रोफेसर, बाहेर पाऊस पडतोय," की हे विचारत, "कसं कळलं?" वेदर चॅनलवर ऐकलं म्हणालं, की पुढचा प्रश्न, "सांगणारा तिथे होता का?" एकदा आमच्या इमारतीत आगीची घंटा वाजली. शेजारच्या ऑफिसातली सेक्रेटरी धापा टाकत आली आणि ओरडली, "प्रोफेसर, आग लागलीय!" त्यांनी खुर्चीकडे हात केला. ती बसली नाही. तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही आग पाहिलीत?" "नाही, घंटा वाजतेय!" "म्हणजे तुम्हाला घंटा वाजल्याचं माहीत आहे," असं म्हणून त्यांनी कोटाची बटणं लावली आणि सगळ्यांच्या मागून जिना उतरले. खाली गेल्यावर कळलं, कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न जाळला होता. सेक्रेटरी त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही.

असा माणूस कशाचा अभ्यास करत असेल? 'ज्ञान सगळ्यांचं एकच असतं, की ज्याच्या त्याच्या परंपरेप्रमाणे वेगळं असतं' या प्रश्नाचा. त्यांचं उत्तर ठाम होतं. खरं ते सगळीकडे खरं आणि खोटं ते सगळीकडे खोटं. "पाणी किती डिग्रीला उकळेल ते तुम्ही समुद्रापासून किती उंचावर आहात त्यावर ठरतं," ते वर्गात सांगत. "पासपोर्ट कुणी विचारत नाही." आफ्रिकी ज्ञान, युरोपी ज्ञान, भारतीय ज्ञान हे शब्द ऐकले की ते चष्मा काढून पुसायला लागत. चष्मा पुसणं म्हणजे त्यांचा संताप, हे कळायला मला एक वर्ष लागलं.

विभागप्रमुख डॉ. ग्रेसन यांनी तो चष्मा फार पुसायला लावला. ग्रेसन आयोवातले, गोरे, उंच, मोज्यांवर सँडल घालणारे. माणूस वाईट नव्हता. दोन उन्हाळे ते पश्चिम आफ्रिकेत राहून आले होते. तिथून मलावी म्हणजे अमरावतीहून साधारण कैरो. त्यांच्या ऑफिसात एक ढोल होता आणि मीटिंग संपली की ते तो थोडासा वाजवत. आफ्रिकी माणूस एकेकटा विचार करत नाही, सगळे मिळून करतात, त्याचं ज्ञान उबदार असतं आणि आपलं थंड, असं त्यांचं मनापासूनचं मत होतं. 'आफ्रिकी ज्ञानपद्धती' नावाचा कोर्स चिसालेंनी शिकवावा म्हणून ते दरवर्षी मागे लागत. एकदा मी पेपर द्यायला गेले तेव्हा हीच चर्चा चालू होती. दोघेही बसलेले होते.

"एनॉक, तुझ्या लोकांची जाणण्याची पद्धतच वेगळी आहे," ग्रेसन म्हणाले.

"कसं कळलं?"

"मी राहिलोय तिथे."

"कुठे?"

"घानात."

"छान देश आहे म्हणतात," चिसाले म्हणाले. "माझं जाणं झालं नाही कधी."

कोर्स काही झाला नाही. पण ग्रेसननी चिकाटी सोडली नाही. विभागाच्या माहितीपत्रकासाठी सगळ्यांचे फोटो काढायचे ठरले तेव्हा त्यांनी चिसालेंना पारंपरिक पोशाखात यायला सांगितलं. चिसाले रोजच्याच सुटात आले. फोटोग्राफर गोंधळला. "आमच्या गावी लग्न, मयत आणि कोर्ट या तिन्हीला हाच पोशाख असतो," त्यांनी समजावलं. "आजोबांपासून चालत आलाय." फोटो तसाच छापला. खाली ग्रेसननी 'परंपरेचे अभ्यासक' असं लिहिलं होतं.

आता गंमत अशी, की ज्ञानाला गाव नसतं असं सांगणाऱ्या या माणसाच्या वागण्यातून गाव काही जात नव्हतं. त्यांना ते कळत होतं की नाही, मला शेवटपर्यंत समजलं नाही. बहुतेक कळत असावं.

२००४ च्या उन्हाळ्यात माझे बाबा अमेरिकेत आले आणि अटलांटाच्या उत्तरेला अल्फारेटाला माझ्या चुलतभावाकडे, सुहासदादाकडे उतरले. बाबा म्हणजे परंपरेचे सरकारी वकील. आपल्या प्रत्येक रीतीमागे शास्त्रीय कारण आहे आणि आपल्या पूर्वजांना सगळं आधीच माहीत होतं, यावर त्यांचा विश्वास. मी प्रोफेसरांबद्दल फोनवर इतकं बोलले होते, की "एकदा जेवायला बोलव त्यांना, बोलू दे मला त्यांच्याशी," असं त्यांनी आल्या आल्या फर्मावलं. एका रविवारी मी प्रोफेसरांना ड्राइव्ह करून घेऊन गेले. मेधावहिनीनं पिठलं-भाकरी केली होती. तिला आधी पास्ता करायचा होता, बाबांनी कॅन्सल केला.

ताटं मांडली. सगळे बसले, प्रोफेसर मात्र हात पुढे धरून थांबले. कुणाला काही कळेना. त्यांच्याकडे जेवणाआधी यजमान पाहुण्याच्या हातावर पाणी घालतो. सिंक तीन पावलांवर होतं आणि वहिनी त्यांना ते दाखवणार, एवढ्यात बाबा उठले, जग आणि एक पातेलं घेऊन आले आणि त्यांच्या हातावर पाणी घातलं. बाबांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. सुहासदादाची आठ वर्षांची इरा म्हणाली, "Why can't he use the sink?"

जेवता जेवता बाबांनी तोंड उघडलं. संध्याकाळी केर का काढू नये, रात्री नखं का कापू नयेत, सगळ्याची शास्त्रीय कारणं त्यांनी आपल्या शाळामास्तरी इंग्रजीत सांगितली. प्रोफेसरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कसं कळलं?"

"माझ्या आजीनं सांगितलं."

"हे कारण आजीनं सांगितलं, की फक्त नियम सांगितला?"

बाबांचा घास हातातच राहिला. "नियम आजीनं सांगितला," ते म्हणाले. "कारण मी शोधलं."

"मग आजीचं कारण काय होतं?"

विषय बदलावा म्हणून बाबांनी इराला पाढे म्हणायला सांगितले. "आजोबा, I have a calculator," ती म्हणाली. झालं! बाबांनी डावा हात मांडीवर आपटला आणि अडीचकी सुरू केली: बे अडीचे पाच, तीन अडीचे साडेसात... लहानपणी त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं तोंडपाठ करायला लावलेलं होतं. कुठल्याही आकड्याची पाऊणपट, दीडपट, अडीचपट आकडेमोड न करता तोंडातून बाहेर पडते. "विचारा काहीही," ते प्रोफेसरांना म्हणाले.

"सतराची अडीचपट?"

"साडेबेचाळीस."

"तेराची पाऊणपट?"

"पावणेदहा."

इरानं कॅल्क्युलेटर आणून तपासलं. "He's right!" ती म्हणाली, जरा नाराजीनंच.

प्रोफेसरांनी भाकरी खाली ठेवली. "मलावीतसुद्धा सतराची अडीचपट साडेबेचाळीसच होणार ना?"

"म्हणजे काय! कुठेही तेवढीच," बाबा म्हणाले.

"पण माझ्या गावात कागदाशिवाय हे कुणाला सांगता येणार नाही. मग हे ज्ञान तुमचं, की सगळ्यांचं?"

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला, खाल्ला आणि मराठीत म्हणाले, "उत्तर सगळ्यांचं. तोंड आमचं." मी भाषांतर केलं. प्रोफेसरांनी डाव्या हातानं खिशातली डायरी काढली आणि बाबांच्या नावाचं स्पेलिंग विचारलं.

ते वाक्य पुस्तकात जाणार होतं. दुसऱ्या प्रकरणात, एकतिसावी तळटीप: बाबांचं पूर्ण नाव, निवृत्त मुख्याध्यापक, अमरावती जिल्हा, प्रत्यक्ष संभाषण. बाबा परत गेले आणि त्यांनी पहिल्या आठवड्यात अख्ख्या कॉलनीला हे सांगितलं. दर रविवारी फोनवर "तब्येत बरी आहे ना?" याच्या आधी प्रश्न येई, "छापली का?"

छापायला वेळ होता. ते पुस्तक प्रोफेसर दहा वर्षं लिहीत होते. ज्ञान परंपरेवर अवलंबून नसतं, हे त्यात चारशे बारा पानांत सिद्ध केलेलं होतं. एका विद्यापीठाच्या प्रकाशनानं ते स्वीकारलेलंही होतं. अंतिम प्रत २००६ च्या सप्टेंबरअखेर पाठवायची, एवढंच राहिलं होतं. त्याच हिवाळ्यात त्यांच्या नोकरीचा निकाल लागायचा होता. अमेरिकेत प्राध्यापकाला सहा-सात वर्षं राबवून मग एक तर कायम करतात, नाहीतर निरोप देतात, मधला मार्ग नाही; कायम होण्याला टेन्युअर म्हणतात. कायम व्हायला पुस्तक लागतं. पुस्तक नाही तर नोकरी नाही आणि नोकरी गेली की व्हिसाही जातो, हे आम्हां परदेशी लोकांना समजावून सांगावं लागत नाही. मी त्या पुस्तकाची सूची करून दिली होती, त्यामुळे आपलंही काहीतरी त्यात अडकलंय असं मला वाटायचं.

२००६ च्या जानेवारीत ते मला म्हणाले, "मास्तरांची मुलगी, मला पोस्टात सोडतेस?" त्यांच्या हातात एक जाडजूड पार्सल होतं. मी विचारलं, प्रकाशकाला एवढ्यात पाठवताय? ते म्हणाले, "नाही. मामांना."

आपल्याकडे मामा लग्नात नवरीच्या मागे उभा राहतो आणि मग जेवायला बसतो. त्यांच्यात तसं नाही. त्यांच्यात वंश आईकडून चालतो आणि घरातला शेवटचा शब्द आईच्या भावाचा. हे मामा ऐंशी ओलांडलेले होते आणि त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. "मग?" मी विचारलं. तर व्यवस्था अशी होती: गावचे शाळामास्तर दर गुरुवारी दुपारी आंब्याच्या झाडाखाली बसून पुस्तकाचं त्यांच्या भाषेत भाषांतर करत मोठ्यानं वाचणार. मामा धरून नऊ माणसं ऐकणार. त्यांचं समाधान झालं की निरोप येणार.

"पण का?"

"पुस्तकात त्यांच्याबद्दल लिहिलंय. त्यांना न विचारता कसं छापायचं?"

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "प्रोफेसर, ज्ञानाचा परंपरेशी संबंध नाही हे सांगणारं पुस्तक तुम्ही परंपरेप्रमाणे मामांच्या परवानगीसाठी पाठवताय."

"परंपरा कुठे आली?" ते गंभीरपणे म्हणाले. "हा पीअर रिव्ह्यू आहे. प्रकाशकानं दोन माणसांना वाचायला दिलं, त्यांची नावं मला सांगत नाहीत. इथे नऊ माणसं ऐकणार, सगळ्यांची नावं मला माहीत आहेत. एका डोक्यावर छप्पर उचलत नाही, असं आम्ही म्हणतो. तुमच्या गणितातही कुणीतरी सिद्धता तपासतंच ना?"

तपासतात, हे खरं होतं. मी गाडी पोस्टाकडे वळवली.

गुरुवारचं वाचन सुरू झालं. पण एखाद्या गुरुवारी मयत निघे, एखाद्या गुरुवारी मक्याची कापणी, एकदा मास्तरांनाच मलेरिया झाला. मार्चअखेर चाळीस पानं झाली होती. मे महिन्यात तिसरं प्रकरण लागलं. ग्रेसनना ही गोष्ट कळली तेव्हा ते आनंदानं ढोलाकडेच गेले. यावर एक शोधनिबंध लिहू या, असं ते म्हणाले. चिसालेंनी चष्मा पुसला. मी जुलैपासून कॅलेंडरवर खुणा करायला लागले. "तू का स्ट्रेस घेतेयस?" मंजिरी म्हणायची. "त्यांची टेन्युअर आहे, तुझी थोडीच?"

ऑगस्टच्या शेवटी पाकिटातून एक कॅसेट आली. कॅसेट वाजवायला २००६ साली कुणाकडे काय असणार? माझ्या जुन्या टोयोटात प्लेअर होता. म्हणून आम्ही दोघं भर दुपारी विद्यापीठाच्या पार्किंगमध्ये एसी लावून गाडीत बसलो आणि मलावीतल्या झाडाखालची सभा ऐकली. आधी कोंबड्या ऐकू आल्या. मग मामांचा आवाज, बारीक पण खणखणीत. प्रोफेसर थोडं थोडं भाषांतर करत होते. मामांनी पुस्तकाचं कौतुक केलं, अक्षर छान आहे म्हणाले. ते छापील होतं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, एवढं लांबवायची काय गरज होती. प्रोफेसर हसले आणि त्यांनी ते टिपून घेतलं.

मग चौथं प्रकरण निघालं. ते मला जवळजवळ पाठ होतं. त्यात ते लिहितात: माझ्या गावात एक मोठा काळा पक्षी आहे. तो ओरडतो, म्हणून पाऊस येतो, अशी माझ्या लोकांची समजूत आहे. त्याला दगड मारला तर पाऊस थांबतो. ही समजूत माझ्या आईची होती, आणि ती खोटी आहे. माझ्या आईची आहे म्हणून ती खरी होत नाही. सगळं पुस्तक या पायावर उभं होतं. समीक्षक ज्याला धाडस म्हणतात, ते इथे होतं.

टेपवर एका बाईचा आवाज आला. "माझी बहीण," प्रोफेसर म्हणाले. त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, शाळेची पायरी न चढलेली. ती जे म्हणाली ते त्यांनी एक एक वाक्य करून मला सांगितलं.

ती म्हणाली, "पक्षी पाऊस आणतो असं कोण म्हणतं? ते आम्ही पोरांना सांगतो, नाहीतर पोरं दगड मारून त्याला संपवतील. हवेत ओल आली की जमिनीतले किडे वर येतात, किडे आले की तो येतो. तो ओरडला की आम्ही बियाणं निवडायला काढतो. मोठं झाल्यावर हे सगळ्यांना सांगतात. मला आईनंच सांगितलं." मग थोडा वेळ नुसत्या कोंबड्या. मग तीच पुन्हा: "त्याला कुणी सांगितलं नाही?"

कुणीतरी म्हातारा म्हणाला, "तो गेला ना. लहान होता."

ते अकराव्या वर्षी मिशनच्या बोर्डिंगात गेले होते. वयात आल्यावर मुलांना बसवून जे सांगतात ते सांगायच्या आधी. प्रोफेसरांनी बटण दाबून टेप बंद केली.

"तू घर सोडलंस तेव्हा किती वर्षांची होतीस?" त्यांनी विचारलं.

"बावीस."

"चांगलं आहे," ते म्हणाले. "तुला बहुतेक सगळं सांगून झालं असेल."

मला वाटलं, एवढंच ना! पक्षी काढू, दुसरं उदाहरण घालू, चार दिवसांचं काम. दुसऱ्या दिवशी मी तसं सांगायला त्यांच्या ऑफिसात गेले. ते पुस्तकाच्या प्रतीवर लाल पेन्सिलीनं खुणा करत होते. गावाची म्हणून दिलेली तेवीस उदाहरणं त्यांनी काढली होती. तेवीसच्या तेवीस अकराव्या वर्षाआधी ऐकलेली. त्यांतली मोठ्यांची कोणती आणि पोरांना गप्प करायला सांगितलेली कोणती, हे त्यांना सांगता येत नव्हतं. "मला ही ऐकून माहीत आहेत," ते म्हणाले, "आणि ऐकणारा लहान होता."

मला भयंकर राग आला. मी उभ्यानंच बोलायला लागले. प्रकाशकाला हे कधीच कळणार नाही, त्या दोन परीक्षकांना कळलं नाही, ग्रेसनना तर जन्मात कळणार नाही. तुमचा मुद्दा तर खराच आहे, मग उदाहरणं चुकली म्हणून नोकरी घालवायची? सात वर्षं घालवलीत, व्हिसा जाईल, या वयात कुठे जाणार आहात? माझा आवाज चढला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी खुर्चीकडे हात केला. मी बसले नाही. मग जे कधी झालं नव्हतं ते झालं. त्यांनी उभ्या माणसाला उत्तर दिलं.

"मुद्दा खरा आहे, म्हणूनच," ते म्हणाले. "चूक ती सगळीकडे चूक. अटलांटात छापली म्हणून बरोबर होत नाही. मी चारशे पानं लोकांना विचारतोय, कसं कळलं, आणि मला स्वतःच्या आईबद्दल विचारायचं सुचलं नाही. पन्नास वर्षं मी तिला अडाणी समजत होतो." एवढं बोलून ते पुन्हा लाल पेन्सिल चालवायला लागले.

सप्टेंबरमध्ये त्यांनी पुस्तक परत घेतलं आणि नोकरीची फाइलही. नंतरचं एक वर्ष नियमाप्रमाणे मिळत होतं, तेही नको म्हणाले. मे महिन्यापर्यंत शिकवतो, एवढंच सांगितलं. ग्रेसनना खरंच वाईट वाटलं. ते चिसालेंचे दोन्ही हात धरून म्हणाले, "एनॉक, शेवटी तुझ्या परंपरेनंच तुला सत्य दाखवलं. हेच तर मी म्हणत होतो."

"नाही, डेव्हिड," चिसाले म्हणाले. "मी अगदी नेहमीच्या पद्धतीनं चुकलो."

बाबांना सांगणं मला सगळ्यांत जड गेलं. एका रविवारी त्यांनी "छापली का?" विचारलं आणि मी सगळं सांगितलं. "चूक होती तर छापणार कसं?" ते म्हणाले. "बरोबर केलं त्यांनी." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पण आपली तळटीप बरोबर होती ना?"

२००७ च्या मेमध्ये मी त्यांना अटलांटा विमानतळावर सोडायला गेले. दोन बॅगा, अंगात सूट. पुस्तकं त्यांनी विभागाला देऊन टाकली होती. वाटेत मी विचारलं, तिथे जाऊन काय करणार? मला वाटलं होतं, एखादं कॉलेज, निदान शाळा.

"बसणार," ते म्हणाले. "बहिणीसमोर. राहिलेलं ऐकून घ्यायला."

"म्हणजे पुस्तक पुन्हा लिहिणार?"

"ते नंतर. आमच्याकडे अर्धवट गेलेला माणूस परत आला, की जिथे सुटलं तिथून सुरू करतात. आधी मला मुलांच्या ओळीत बसवतील."

"तुम्हाला? अठ्ठावन्नाव्या वर्षी?"

"मामांच्या ओळखीनं सूट मिळेल म्हणा. पण बरं दिसत नाही ते." ते खिडकीबाहेर हायवेकडे पाहत होते. "फार दिवस लागू नयेत. माझी स्मरणशक्ती अजून बरी आहे."

तपासणीच्या रांगेपाशी त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि मास्तरांना नमस्कार सांग म्हणाले. मी पलीकडे खांबापाशी उभी राहून पाहत राहिले. त्यांच्यापुढे एक कुटुंब होतं, त्यांची चार-पाच वर्षांची मुलगी बूट काढायला फरशीवर फतकल मारून बसली होती. रांग पुढे सरकली, प्रोफेसरांची पाळी आली. ते तिच्या शेजारी खाली बसले, सुटासकट, आणि नाड्या सोडायला लागले. तिथल्या माणसानं त्यांना बाकाकडे बोट दाखवलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मी तिथे उभी राहून रडले, लोकांनी पाहिलं तरी रडले. मुलीनं तोवर आपला ट्रे पुढे ओढला आणि बूट आत कसे ठेवायचे ते त्यांना दाखवलं. त्यांनी नीट पाहून घेतलं आणि आपले बूट तसेच ठेवले.